गयाबाई, तुमचा तास मी घेतला

गयाबाई, तुम्ही वेळेच्या पक्क्या. वर्षातल्या तुमच्या त्या एका गुरुवारी अकराचा तास असला की पावणेअकराला नर्सिंग स्कूलच्या फाटकाशी हजर. अंगावर रेल्वेची निळी साडी, हातात शेंगदाण्यांची पुडी, आणि वर मलाच विचारायचात, "सिस्टर, तुमची घडी बंद पडली काय?"

या वेळी तुम्ही तास ठरवलात आणि आला नाहीत. दोन दिवस आधी, मंगळवारीच, तुमची लेक माया आली. सायकल फाटकाला टेकवून तिथेच उभी राहिली, आत येईना. मी खिडकीतून ओरडले, "काय गं, आईने पाठवलं का?" तिचं मराठी तुम्हाला माहीतच आहे, अर्ध्या वाटेत हिंदीकडे वळतं. म्हणाली, "सिस्टर, आई गई... मतलब, आई गेली. रविवारी. ड्यूटीवरून आली, चहा ठेवला और बस, बैठे-बैठे..." पुढचं तिला कुठल्याच भाषेत बोलता आलं नाही. मग तिने पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. "हे आईने आणून ठेवलं होतं. तुमच्या गुरुवारसाठी."

बावीस वर्षं मी नर्सिंगमध्ये काढली. माणसं जाताना पाहिली, त्यांच्या नातेवाइकांना धीर दिला, वॉर्डात रडणाऱ्या पोरींना 'आधी हातातलं काम पुरं कर' म्हणून दटावलंही. त्या दिवशी मात्र ती पुडी धरून फाटकात उभी राहिले आणि रडले. चौकीदाराने स्टूल आणून दिलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पाहा, दगडाले पाझर फुटला." मला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तुमचं शेवटचं दर्शनही मला मिळालं नाही, याचं वाईट वाटत राहील.

त्याच दुपारी प्राचार्या मॅडमनी बोलावलं. बाई मनाने चांगल्या आहेत, पण वेळापत्रकात रिकामी चौकट दिसली की त्यांना स्वस्थ बसवत नाही. म्हणाल्या, "दुख की बात है, पर अब कहानी सुनाने वाली ही नहीं रहीं। उस पीरियड में किसी डॉक्टर साहब का लेक्चर रख लेते हैं।" मी म्हटलं, या गुरुवारी मी घेते, मग काय ते ठरवा. म्हणायला म्हटलं, आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर लक्षात आलं. तुमची गोष्ट मला तोंडपाठ होती, तिच्यातलं एक वाक्य सोडून. ते एक वाक्य माझं होतं. तुमच्या नवऱ्याच्या आजारपणात मी तुम्हाला जे बोलले होते, ते. सहा वर्षं तुम्ही ते माझं नाव न घेता वर्गाला सांगत आलात आणि सहा वर्षं मी ते ऐकायला जागेवर बसले नाही. आता ते मलाच उच्चारायचं होतं.

आपण पहिल्यांदा कुठे बोललो ते आठवतं ना? मी सोलापूरला माहेरी निघाले होते. छोट्या लाईनने सवाई माधोपूर, तिथून मोठी गाडी, नेहमीची कटकट. गाडीला उशीर होता म्हणून बायकांच्या वेटिंग रूममध्ये ट्रंकेवर बसले होते. तुम्ही फरशी पुसत पुसत माझ्या पायांशी आलात आणि 'पाय उचला' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मग मराठीत म्हणालात, "तुम्ही छातीच्या दवाखान्यातल्या सिस्टर ना? कार्डावाल्या?"

जयपूरसारख्या परमुलखात कोणी मराठीत बोललं की मी विरघळते. लगेच विचारलं, तुम्ही कुठल्या? अकोल्याच्या, म्हणालात. मालक रेल्वेत होते, वारले, त्यांच्या जागी मले घेतलं. मला तुमचा चेहरा काही केल्या आठवेना. मालकांचं नाव विचारलं तेव्हा आठवलं ते त्यांचं कार्ड. क्षयाच्या औषधांचं कार्ड, आणि त्यावर दर महिन्याला माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'औषध नियमित'. तुम्ही रिकामी पाकिटं घेऊन ठरल्या तारखेला यायचात, मी पाकिटं मोजायची आणि लिहायची. मी अगदी कौतुकाने म्हणाले, "अहो, त्यांचा तर एकही खाडा नव्हता!"

"खाडा कायचा," तुम्ही म्हणालात. "बाप अन् तीन लेकरं, चौघं खात होते ना गोळ्या."

फरशी पुसायच्या काठीवर दोन्ही हात ठेवून तुम्ही सांगितलंत. तुमच्या घरी जे येईल ते वाटून खायचं, ही सासूबाईंपासूनची रीत. आंबा आला तर त्याच्या फोडी, अंडं आलं तर त्याचे तुकडे. गोळी आली तर तिचेही वाटे. अर्धी बापाला, उरलेल्या अर्धीचे तीन लेकरांना, कारण लेकरंही खोकत होती. "चांगली वस्तू एकट्या बापानं खावी अन् लेकरायनं तोंडाकडं पाहत राहावं, असं कसं करू सिस्टर?" मालकांचाही आग्रह होता म्हणे, आधी पोरांना दे. दीड वर्ष हे चाललं. त्यांना गुण आला नाही आणि ते गेले.

मग तुम्ही म्हणालात, "मी तुमाले सांगाले आलती एक डाव. म्हनलं, सिस्टर, पोरांचं बी जरासं... तं तुम्ही म्हनल्या, पोरांचं नंतर. आधी पेशंटचं बोला."

तुमच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, मीही चिडले असते. तुम्ही तर गाडी कुठल्या फलाटावर येईल हे सांगावं तसं सांगत होतात. मला तो प्रसंग आठवतही नव्हता. रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत असायची आणि मी दिवसातून कितीतरी बायकांना 'नंतर' म्हणत असेन. तितक्यात गाडी लागली. तुम्ही माझी ट्रंक उचलून डब्यात ठेवलीत आणि 'सांभाळून जा' म्हणालात.

माहेरपणाला गेलेली मी, पण घास गोड लागला नाही. परत आले ती स्टेशनवर उतरल्या उतरल्या तुम्हाला शोधत वेटिंग रूममध्ये. तिन्ही पोरांना घेऊन एक्स-रेला या म्हणून तुमच्या मागेच लागले. दोघांना काही नव्हतं. मायाला क्षयाची गाठ निघाली, तिला औषध सुरू झालं. तेव्हा तुम्ही तिला माझ्यासमोर बजावलंत, "हे पुरी गोळी तुही एकटीची. कोनाले द्यायची नाही." आठ-नऊ वर्षांची होती. अख्खी गोळी एकटीने खायची म्हणून रडली होती, आठवतं?

मग मी आणखी एक उद्योग केला. तुम्ही सांगितलं होतंत की समाजकार्याचा कोर्स करणारी एक पोरगी त्या काळात तुमच्या क्वार्टरवर येऊन गेली होती. तिचा अहवाल मी शोधून काढला. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, 'घरातील तिन्ही मुलांना खोकला.' तिला त्या अहवालाचे चांगले गुण मिळाले होते. डॉक्टरांच्या केसपेपरवर होतं, 'औषध लागू पडत नाही, बदलून पाहावे.' आणि माझ्या कार्डावर 'औषध नियमित'. तिघांनी लिहिलेलं आपापल्या जागी बरोबर होतं. कागद तीन कपाटांत होते, कपाटं एकाच आवारात, आणि हे तिन्ही कागद एका टेबलावर आणायला माणूस गेल्यानंतर मला सवड झाली.

तोवर माझी वॉर्डातून नर्सिंग स्कूलमध्ये शिकवण्याच्या कामावर बदली झाली होती. मी तुम्हाला म्हटलं, माझ्या मुलींना हे येऊन सांगाल का? मला वाटलं होतं तुम्ही लाजाल, नाही म्हणाल, मग मी गळ घालीन. तुम्ही तर अट घातलीत. "एकल्या नर्सा कायले? गोळी लिहिनारा कुठी हाय? घरी येऊन पोट्टे मोजनारी कुठी हाय? तिघायले एका सतरंजीवर बसवा, मंग येतो मी."

तुम्हाला काय जातंय म्हणायला! डॉक्टर होणारी मुलं, नर्स होणाऱ्या मुली आणि समाजकार्यवाले, यांना एका खोलीत आणणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. छातीच्या विभागाचे मोठे डॉक्टर हसलेच. "सिस्टर, वेटिंग रूम की बाई मेरे लड़कों को क्या पढ़ाएगी?" मी तीन वेळा जाऊन त्यांच्या दाराशी बसले. शेवटी वॉर्डच्या फेरीला उशिरा आलेल्या सहा जणांना त्यांनी शिक्षा म्हणून पाठवलं. पहिल्या वर्षी तुमच्या वर्गाला आलेले भावी डॉक्टर हे असे होते, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज त्याचं हसू येतं.

ती मुलं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर पाय पसरून बसली. माझ्या मुली सतरंजीवर अंग चोरून, समाजकार्यवाले दाराजवळ वह्या उघडून. मी तुमच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही, सरळ सतरंजीवर बसलात. पुडी उघडलीत आणि पुढच्या मुलीच्या हातात दिलीत. तिने चार दाणे घेतले आणि पुडी शेजारणीकडे सरकवली. पुडी सतरंजीभर फिरली, दाराकडे गेली, खुर्च्यांकडे आली, तिथल्या एका लांबड्या मुलाने वाकून दाणे उचलले. परत तुमच्याकडे आली तेव्हा तळाशी फक्त सालं होती.

तुम्ही तुमच्या त्या अकोल्याच्या हिंदीत विचारलंत, "मैं तो इसकोइच दी थी। बाँटने को किसने बोला?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

"मेरे को भी किसी ने नहीं बोला था," तुम्ही म्हणालात, आणि गोष्ट सुरू केलीत. मी तेव्हा शिकवायला नवी होते आणि तासाआधी रात्रभर टिपणं काढायचे. तुम्ही एका पुडीत वर्ग खिशात टाकलात. मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा तो लांबडा मुलगा खुर्चीवरून उतरून सतरंजीच्या कडेला येऊन बसला होता. मग बाकीचेही आले.

आणि मग ती जागा आली. तुम्ही म्हणालात, "मैं सिस्टर के पास गई..." आणि मला तहान लागली. कोपऱ्यातल्या माठाशी गेले, पाणी घेतलं, पाठ वर्गाकडे. 'बच्चों का बाद में' हे शब्द माझ्या पाठीवर पडले. मनाची समजूत घातली की जयपूरची हवाच कोरडी. पुढच्या वर्षी तास जानेवारीत होता, हिवाळी पाऊस पडून गेला होता, मुली स्वेटरमध्ये कुडकुडत होत्या, तेव्हाही त्याच जागी मला तहान लागली. त्याच्या पुढच्या वर्षीही. तुम्ही स्वतः मात्र गोष्ट संपेपर्यंत पाण्याला शिवत नव्हतात.

आपलं भांडण काही कमी झालं नाही. तुमची गोष्ट दर वर्षी बदलायची, हे मला खपायचं नाही. एका वर्षी मालक गोळीचे तुकडे अडकित्त्याने करायचे, दुसऱ्या वर्षी तुम्ही स्वतः दाताने. एका वर्षी तर ते गोळी वाटताना पोरांना बसमधल्या कंडक्टरसारखी तिकिटं द्यायचे म्हणालात आणि सगळा वर्ग हसला. मी बाहेर तुम्हाला धरलं. "गयाबाई, हे खरं होतं का?" तुम्ही म्हणालात, "मेलेल्या मानसानं चार पोट्टे हसवले तं तुमचं काय गेलं?" गेल्या आठवड्यापासून मात्र मला तुमच्या तोंडची वाक्यं ऐकू येतात, आणि त्यातली काही तुम्ही कधी म्हणालाच नव्हतात.

आणि माझा तो मूर्खपणा. ओळख नवी होती, उत्साहाच्या भरात मी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावून बसले. विधवा बाई, तीही बौद्ध, आणि मी हातात निमंत्रण घेऊन उभी. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्या दिवशी ड्यूटी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरी आलात, तिळगुळाचे तीन लाडू खाल्लेत, आणि जाताना मलाच आमंत्रण देऊन गेलात, बुद्धजयंतीच्या खिरीचं. मी पाच वर्षं आले. तशी खीर मला अजून जमलेली नाही.

पण खरं भांडण नावाचं. पहिली दोन वर्षं तुम्ही नुसतं 'एक सिस्टर' म्हणत होतात याचं मला बरं वाटत होतं. मग तेच टोचायला लागलं. वर्ग संपला की मुली माझ्याकडे यायच्या, 'मॅडम, ती सिस्टर किती दुष्ट असेल!' आणि मी मान डोलवायची. शेवटी गेल्या वर्षी तास झाल्यावर व्हरांड्यात तुम्हाला म्हटलं, आता माझं नाव घ्या. तुम्ही साफ नाही म्हणालात.

"तुमचं नाव घेतलं तं सारे तुमच्याकडं पाहतीन. सोताकडं कोन पाहीन?"

मी म्हटलं, "अहो, पण मी लपून बसते त्याचं काय? मी भित्री ठरते."

"ठरा ना मंग. आनखी थोडे दिवस ठरा." आणि चप्पल घालता घालता, "पुढच्या साली बोलू."

पुढचं साल आलं आणि तुम्ही बोलायला नाहीत. अजूनही मला वाटतं तुमचं चुकत होतं. माफीचंही तेच. मी एकदाच प्रयत्न केला होता, तुमच्या क्वार्टरच्या ओट्यावर. 'गयाबाई, त्या दिवशी...' एवढं म्हणते तोच तुम्ही कांद्याचे भाव काढलेत. मी ओळखलं आणि विषय सोडला. तुम्ही मला माफ केलं होतंत की माफ करायचं टाळत होतात, हे मला कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र छाती पुढे काढून सांगते, आणि हे तुम्हाला जिवंतपणी पुरेसं सांगितलं नाही. मागच्या महिन्यात मी वॉर्डात गेले होते. तो लांबडा मुलगा आता तिथेच डॉक्टर आहे. एका म्हाताऱ्या बाईच्या खाटेशी उकिडवा बसला होता. आधी सगळे विचारायचे, "दवा ली?" हा विचारत होता, "अम्मा, दवा किस-किसने ली?" शेजारच्या खाटेवर माझीच एक जुनी विद्यार्थिनी तोच प्रश्न विचारत होती. मग दोघं एका कार्डावर वाकून बोलत उभी राहिली. समाजकार्यवाली मुलगी आता पेशंटच्या घरी जाऊन आली की अहवाल कॉलेजात द्यायच्या आधी वॉर्डात येऊन वाचून दाखवते. हे कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या आदेशानेही आलेलं नाही. वॉर्डातल्या नव्या मुलांना तो प्रश्न कोणाचा तेही माहीत नसेल. मला माहीत आहे. फरशी पुसणारी माझी मैत्रीण या हॉस्पिटलला एक प्रश्न विचारायला शिकवून गेली, आणि मी तो ऐकते तेव्हा माझी मान ताठ होते.

आता गुरुवारचं सांगते.

सतरंजी घातली. मुलं आली, तिन्ही कोर्सांची. अलीकडे खुर्च्यांवर कोणी बसत नाही. मायाला मी बोलावलं होतं, ती दाराच्या चौकटीशी बसली. प्राचार्या मॅडमही येऊन तिच्यामागे उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. मी सांगितलं की गयाबाई आता नाहीत. मग तुम्ही आणलेली पुडी उघडली आणि पुढच्या मुलीला दिली. पुडी फिरली. दारापर्यंत गेली, मायाने एक दाणा उचलला, मॅडमनीही हाताची घडी सोडून चार घेतले.

गोष्ट मी वाईटच सांगितली. मला तुमच्यासारखं थांबता येत नाही, भराभर बोलत सुटते. अडकित्ताही घातला आणि कंडक्टरही घातला, म्हटलं असू द्या दोन्ही. मग ती जागा आली. घशाला कोरड पडली. या वेळी ती खरी होती. माठ तिथेच कोपऱ्यात होता. मी मांडी घट्ट दाबून बसले आणि म्हणाले, "वो सिस्टर ने कहा, बच्चों का बाद में। और वो सिस्टर मैं थी।"

मला वाटलं होतं वर्गात कुजबुज होईल, कोणीतरी 'हाय राम' म्हणेल. कोणी चमकलंसुद्धा नाही. दुसऱ्या रांगेतली एक सीकरची मुलगी डोळे पुसत होती आणि हसतही होती. खरं सांगते, मला रागच आला. सहा वर्षं मी जे वाक्य पोटात घेऊन फिरले, त्याची ही किंमत!

"क्यों, मालूम था क्या?" मी दरडावून विचारलं.

ती उभी राहिली. "मैडम, सबको मालूम है। सीनियर दीदी हॉस्टल में पहले ही बता देती हैं कि इस जगह मैडम पानी पीने उठेंगी।"

"कब से?"

"शुरू से, मैडम।" मागून एक मेडिकलचा मुलगा म्हणाला, "हमारे हॉस्टल में भी।"

म्हणजे 'ती सिस्टर किती दुष्ट' असं मलाच येऊन सांगणाऱ्या मुली मी कबूल होते का ते पाहत होत्या! तीच मुलगी चाचरत पुढे म्हणाली, "दीदी ने ये भी कहा था कि देखना, मैडम लौटकर वहीं बैठेंगी, और अगले साल उन्हीं को फिर बुलाएँगी। तो वॉर्ड में कभी गलती हो जाए तो छिपाना मत, इन्हीं मैडम को जाकर बता देना।"

गयाबाई, सहा वर्षं मुली माझ्याकडे येत होत्या. 'मॅडम, इंजेक्शन द्यायला उशीर झाला', 'मॅडम, त्या आजीचं बोलणं मी ऐकून घेतलं नाही.' मी घरी नवऱ्याला ऐटीत सांगायचे, माझा धाकच तसा आहे. धाक कसला, माझ्या तहानेने त्यांना माझ्यापर्यंत आणलं होतं.

आणि तेव्हा मला आणखी एक आठवलं. त्या वाक्यानंतर तुम्ही दर वर्षी थांबायचात. मला वाटायचं ती तुमची सांगायची लकब. माझी खुर्ची तुमच्या बरोबर समोर असायची. मी माठाशी जाऊन, पेला पालथा घालून, परत येऊन बसेपर्यंत तुम्ही थांबत होतात. मी बसले की पुढचं वाक्य सुरू. मुलांना तेवढा वेळ तुम्ही माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला देत होतात काय? मुलांना ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं काय? विचारायची तर सोयच ठेवली नाहीत. नावाच्या भांडणात आपण दोघीही हरलो असं मी धरून चालते. नाव न घेता सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि तरीही स्वतःकडे पाहायला विसरले नव्हते.

उरलेली गोष्ट मी सांगितली. संपली तेव्हा मॅडमनी दारातूनच विचारलं, पुढच्या वर्षीही गुरुवारच ठेवायचा ना? मी हो म्हटलं. मुलं वॉर्डाकडे गेली. माया मात्र उठली नाही. चौकटीशी बसून हातातला तो एक दाणा बोटांत फिरवत होती. खाल्ला नव्हता तिने.

मी माठातून दोन पेले भरून आणले, एक तिला दिला, एक मी प्याले. मग सतरंजीवर तिच्या शेजारी बसले.

"माया," मी म्हटलं, "त्या दिवशी आई मला तुम्हा पोरांचं काहीतरी सांगायला आली होती. मी तिला नंतर म्हटलं. आता सांग."

तिने पेला खाली ठेवला. "गोळी कडू होती, सिस्टर," ती म्हणाली. "और बाबा... मतलब, बाबा पहिला तुकडा मला द्यायचे. मग हसायचे."

ती सांगत राहिली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. जेवणाची घंटा होऊन गेली. मी उठले नाही.